डाग काढणारे मातीतले जंतू

श्रोतेहो, कपड्यावर रक्ताचा डाग पडला की घरातली जाणती बाई बजावते, "गरम पाणी घालू नका, डाग पक्का बसेल." का बरे? रक्तात प्रथिन असते. उकळत्या पाण्यात अंड्याचा पांढरा भाग थिजतो, तसेच ते धाग्यात थिजते.

प्रथिन तोडणारी एन्झाइमे, म्हणजे एक प्रकारचे पाचक रसच, १९१३ साली जर्मनीत ऑटो रोम यांनी जनावरांच्या स्वादुपिंडातून काढून धुण्याच्या चूर्णात घातली. पण साबणाच्या पाण्यात ती नीट टिकेनात. पुढे मातीतले बॅसिलस जातीचे जंतू कामी आले. टाकीत त्यांना खाद्य, हवा आणि बेताची ऊब मिळाली की ते आपले एन्झाइम भोवतीच्या पाण्यात सोडतात. जंतू वेगळे काढून ते पाणी दाट करतात.

तरी ब्लीचपुढे हे एन्झाइम हार खाई. त्याच्या २७५ दुव्यांच्या साखळीतला २२२वा दुवा कच्चा निघाला. १९८५ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तो बदलून दाखवला आणि एन्झाइम टिकले!

मात्र याची किंमत कामगारांनी मोजली. भुकटीच्या धुळीने ब्रिटनमधल्या कामगारांना दमा जडल्याचे १९६९ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर भुकटीऐवजी लेप दिलेले दाणे आले.

तेव्हा पुड्यावर 'एन्झाइम' लिहिले असेल, तर कपडे कोमट पाण्यात थोडा वेळ भिजू द्या. उकळत्या पाण्यात एन्झाइमच निकामी होते. आणि रेशमी लुगडे, लोकरीची घोंगडी त्यात बुडवू नका. रेशीम आणि लोकर हीदेखील प्रथिनेच आहेत!