शोध आपला, चौकशी दुसऱ्याच्या नावाने

परवा मावशीने फोनवर गुडघेदुखीचं तेल शोधलं आणि संध्याकाळपर्यंत जिकडे तिकडे गुडघ्याच्या पट्ट्यांच्या जाहिराती. "ह्यांना सांगतं कोण रे?" मग तिला सर्क्सएनजी (SearXNG) हे शोधयंत्र लावून दिलं.

हे स्वतः वेब धुंडाळत नाही. तुमचा प्रश्न गूगल, बिंग, डकडकगो, विकिपीडिया अशा अनेकांकडे पाठवतं आणि आलेली उत्तरं एकत्र लावून दाखवतं. त्या इंजिनांना दिसतो, हे ज्या सर्व्हरवर चालतं त्याचा पत्ता. तुमचा आयपी, तुमच्या कुकीज तिकडे जात नाहीत.

प्रत्येक निकालाखाली तो कुणाकुणाकडून आला ते बारीक अक्षरात असतं. एकच पान तिघांनी दिलं की वर चढतं. मला ही इंजिनांच्या नावांची ओळ फार आवडते. मराठी पानं कुणाला सापडतात नि कुणाला नाहीत, लगेच कळतं.

मूळ सर्क्सची पहिली आवृत्ती 2014 ची, ॲडम टाउबरची. 2021 मध्ये त्यातून सर्क्सएनजी ही शाखा फुटली. मुक्तस्रोत आहे, फुकट आहे.

पण सर्व्हर ज्याचा, त्याला तुमचे शोध बघता येऊ शकतात. म्हणून सार्वजनिक सर्व्हर जरा पारखूनच घ्या. मी घरीच रास्पबेरी पायवर डॉकरमध्ये चालवतो. (गंमत म्हणजे मग इंजिनांना आयपी घरचाच दिसतो! तरी कुकीज आणि लॉगिन तिकडे जात नाहीत.) आणि निकालावर टिचकी मारलीत की ती साइट तुम्हाला नेहमीसारखीच बघते.

गर्दीच्या सर्व्हरला गूगल अधूनमधून अडवतं, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन दुसरी इंजिनं चालू करा.

घरी बसवताना कुठे अडलात तर कमेंटमध्ये विचारा.