उपग्रहाच्या दृष्टीतून सागराचे उधाण

१९ नोव्हेंबर १९७७ रोजी आंध्रच्या किनाऱ्यावर, कृष्णेच्या मुखाजवळील दिवी भागात समुद्र गावांत शिरला. सुमारे १०,००० माणसे गेली, आणि त्यांतील बहुतेकांचा बळी वाऱ्याने नव्हे, पाण्याने घेतला. वादळ म्हटले की आपण वाऱ्याच्या वेगाचाच तेवढा उच्चार करतो. आम्हांस ते नेहमीच अपुरे वाटत आले आहे.

वारा पाण्यास किनाऱ्याकडे लोटतो. बंगालचा उपसागर उत्तरेकडे निमुळता आणि उथळ. लोटलेल्या पाण्यास पसरावयास जागा नाही, म्हणून ते चढते. त्यात भरतीची वेळ साधली तर बोलावयासच नको.

पहिला हवामान-उपग्रह टायरॉस-१ हा १ एप्रिल १९६० रोजी आकाशात गेला. भर समुद्रात वाऱ्याचा वेग मोजावयास कोण बसले आहे? ही अडचण अमेरिकेच्या व्हर्नन ड्व्होराक यांनी १९७०च्या दशकात मोठ्या कल्पकतेने दूर केली. ढगांच्या आकृतीवरूनच वादळाचे बळ ताडण्याची रीत त्यांनी बसविली. अवरक्त किरणांच्या चित्रात वादळाचा डोळा जितका उबदार आणि भोवतालच्या ढगांचे माथे जितके थंड, तितके ते वादळ प्रबळ.

तथापि ढगांच्या चित्रात उधाण दिसत नाही. ते वादळाचे बळ, त्याची वाट, समुद्रतळाचा उतार आणि भरती यांवरून गणिताने काढावे लागते. आपल्या देशात हे काम हैदराबादच्या महासागर माहिती सेवा केंद्रात चालते. आमच्या हैदराबादकर वाचकांपैकी किती जणांस हे ठाऊक असेल, कोण जाणे!

ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन वादळ ओडिशावर चालून आले, तेव्हा ‘कल्पना-१’ उपग्रह त्याची चित्रे पाठवीत होता. लाखो लोक वेळीच हलविले गेले. मृतांचा आकडा पन्नासच्या आसपास राहिला. त्याच राज्यात १९९९ साली तो १०,००० च्या घरात गेला होता.

वादळानंतर ढग असतानाही रडारचे किरण भूमीपर्यंत पोहोचतात. संथ पाणी ते परतवीत नाही, म्हणून बुडालेला भाग चित्रात काळा उमटतो. पाणी भरलेली भातखाचरेही तशीच काळी दिसतात. यास्तव पूर्वीचे चित्र शेजारी ठेवूनच कोणते गाव पाण्याखाली आहे ते ठरविले जाते, आणि तो नकाशा मदतपथकांच्या हाती पडतो.