तबकडीतील संहिता : डिस्क-प्रतिमेतून निवडक फाइली काढण्याची पद्धती

पाठचिकित्सेचा आरंभ नेहमी साधनांपासून होतो. संत एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले, तेव्हा त्यांच्यापुढे पाठभेदांनी भरलेल्या पोथ्या होत्या. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तीही शेकडो हस्तलिखितांच्या तौलनिक वाचनावर उभी आहे. या परंपरेला अपरिचित असे एक साधन विसाव्या शतकाच्या अखेरीस निर्माण झाले. लेखक संगणकावर लिहू लागले आणि त्यांचे कच्चे खर्डे कागदाऐवजी फ्लॉपी नावाच्या चुंबकीय तबकडीवर साठू लागले. या तबकड्यांवरील चुंबकीय लेप कालांतराने क्षीण होतो. सोनी या कंपनीने जपानमधील फ्लॉपींची विक्री 2011 मध्ये थांबवली आणि फ्लॉपी वाचणारी यंत्रेही आता दुर्मीळ झाली आहेत. म्हणजे पोथीला कसर लागावी तशी या साधनालाही कसर लागलेली आहे, फक्त ती डोळ्यांना दिसत नाही.

अशा तबकडीतून संशोधनाला आवश्यक तेवढ्याच फाइली, मूळ पुराव्याला धक्का न लावता, कशा काढाव्यात हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वरवर पाहता तो तांत्रिक वाटतो. परंतु त्यातील प्रत्येक पायरीवर संपादकीय स्वरूपाचा निर्णय घ्यावा लागतो, आणि म्हणून साहित्याच्या अभ्यासकाने तो तंत्रज्ञावर सर्वस्वी सोपवणे इष्ट नाही.

1. प्रतिमा म्हणजे काय?

साहित्यविचारात ‘प्रतिमा’ ही संज्ञा काव्याच्या संदर्भात रूढ आहे. संगणकशास्त्रातील ‘डिस्क-प्रतिमा’ म्हणजे संपूर्ण तबकडीची, तिच्यातील रिकाम्या जागेसह, अक्षरशः केलेली नक्कल होय. ही नक्कल एकाच फाइलमध्ये साठवली जाते. साडेतीन इंची, 1.44 मेगाबाइट क्षमतेच्या फ्लॉपीवर 2880 खंड असतात आणि प्रत्येक खंडात 512 बाइट मावतात. त्यामुळे तिची पूर्ण प्रतिमा 14,74,560 बाइटची असली पाहिजे. प्रतिमेचा आकार याहून कमी भरला तर नक्कल अपुरी राहिली आहे, हे तत्काळ समजते.

एमएस-डॉस पद्धतीने आखलेल्या अशा तबकडीची रचना ग्रंथासारखी असते. पहिल्या खंडात तबकडीची ओळख असते. त्यापुढील अठरा खंडांत कोणती फाइल कोठे आहे याचा तक्ता दोन प्रतींत लिहिलेला असतो. त्यानंतरच्या चौदा खंडांत मुख्य अनुक्रमणिका असते व तीत जास्तीत जास्त 224 नोंदी राहू शकतात. मजकूर त्याच्या पुढे सुरू होतो. अनुक्रमणिकेतील प्रत्येक नोंद 32 बाइटची असते; तीत फाइलचे नाव, आकार, शेवटच्या बदलाची तारीख व वेळ असते. फाइल पुसली की मजकूर लगेच नष्ट होत नाही. नोंदीतील पहिल्या अक्षराच्या जागी एक खूण पडते आणि ती जागा मोकळी समजली जाते. नवा मजकूर तेथे लिहिला जाईपर्यंत जुना मजकूर तसाच राहतो. खोडलेली ओळ शाईखालून वाचता यावी, तसाच हा प्रकार आहे.

फाइली सरळ उचलून दुसऱ्या संगणकावर ठेवल्या, तर खोडलेला भाग व रिकाम्या जागेतील अवशेष मागेच राहतात. शिवाय लेखनबंदीची खिडकी उघडी न ठेवता तबकडी यंत्रात घातली, तर संगणकप्रणाली तिच्यावर स्वतःच्या नोंदी करण्याचा धोका असतो. म्हणून आधी प्रतिमा घ्यावी आणि पुढील सर्व काम त्या प्रतिमेवर करावे, हा पहिला नियम.

2. प्रतिमा घेणे व तिची मुद्रा नोंदवणे

हे काम कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टंकून, करणे सोयीचे असते. चित्रमय पडद्यावर उंदराने केलेल्या कृतीची नोंद सहसा उरत नाही. टंकलेली आज्ञा जशीच्या तशी नोंदवहीत उतरवता येते आणि दुसऱ्या अभ्यासकाला तीच कृती पुन्हा करून पाहता येते. पुढे दिलेल्या आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या लहान रोमन अक्षरांत टंकावयाच्या असतात.

लिनक्स प्रणालीत प्रतिमा घेण्याची साधी आज्ञा अशी :

डीडी आयएफ=/डेव्ह/एफडी0 ओएफ=तबकडी07.आयएमजी बीएस=512 कॉन्व्ह=नोएरर,सिंक

‘आयएफ’ म्हणजे जेथून वाचावयाचे ते स्थान व ‘ओएफ’ म्हणजे जेथे लिहावयाचे ती फाइल. या दोहोंची अदलाबदल झाल्यास मूळ तबकडीवरच लेखन होऊ शकते. म्हणून आज्ञा देण्यापूर्वी ती दोनदा वाचावी. शेवटचा निर्देश असे सांगतो की एखादा खंड वाचता आला नाही तर थांबू नये, त्या जागी शून्ये भरून पुढे जावे. पोथीचे पान फाटले असता संपादक ‘येथे त्रुटित’ असे लिहितो, त्याप्रमाणे असे खंड नोंदवहीत उतरवणे आवश्यक आहे.

प्रतिमा तयार होताच ‘एसएचए256सम’ ही आज्ञा चालवावी. तिच्यामुळे प्रतिमेतील सर्व मजकुरावरून 64 चिन्हांची एक मुद्रा मिळते. प्रतिमेत एक बाइट जरी बदलला तरी ही मुद्रा निराळी येते. काम संपल्यावर पुन्हा मुद्रा काढून ती आधीच्या मुद्रेशी ताडली, म्हणजे मधल्या काळात साधन अबाधित राहिल्याची खात्री पटते.

3. यादी आणि निवड

समजा, एका कथाकाराच्या तबकडीवर ‘कथा’, ‘पत्रे’ आणि ‘हिशेब’ असे तीन कप्पे आहेत आणि संशोधनासाठी फक्त कथांची संमती मिळालेली आहे. येथे सर्व फाइली बाहेर काढणे सोपे असले तरी उचित नाही. प्रथम केवळ यादी पाहावी :

सेव्हनझेड एल तबकडी07.आयएमजी

‘एल’ या अक्षराने यादी मिळते, फाइली बाहेर येत नाहीत. यादीत नाव, आकार व तारीख असते आणि ती स्वतःच एक पुरावा असल्याने जतन करून ठेवावी. त्यानंतर आवश्यक फाइली मागवाव्यात :

सेव्हनझेड एक्स तबकडी07.आयएमजी ‘कथा/*.डॉक’ -ओनिवड

येथे तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. तारकाचिन्हाचा अर्थ ‘कोणतेही नाव’ असा आहे. त्याभोवती अवतरणचिन्हे नसतील तर आज्ञा वाचणारी प्रणाली त्याचा अर्थ स्वतःच लावू पाहते आणि निवड चुकू शकते. ‘-ओ’ आणि इष्ट कप्प्याचे नाव यांच्यामध्ये अंतर ठेवावयाचे नसते. आणि ‘एक्स’ऐवजी ‘ई’ हे अक्षर वापरल्यास सर्व फाइली कप्प्यांची उतरंड मोडून एकाच ठिकाणी येतात. लेखकाने ‘जुने’ व ‘नवे’ अशा दोन कप्प्यांत ‘प्रकरण1’ याच नावाच्या दोन फाइली ठेवल्या असतील, तर ‘ई’मुळे त्या एकमेकींवर आदळतात. खर्ड्यांचा क्रम ठरवण्याचा जो आधार कप्प्यांच्या नावांत होता, तोच त्यामुळे हरवतो.

डॉस तबकड्यांसाठी ‘एमटूल्स’ हा दुसरा आज्ञासंचही उपयुक्त आहे. त्यातील ‘एमडिर’ यादी देते आणि ‘एमकॉपी’ फाइल काढते :

एमकॉपी -एम -आय तबकडी07.आयएमजी ::कथा/कथा1.डॉक निवड/

‘-आय’ हा निर्देश प्रतिमेचे नाव सांगतो आणि दोन जोडटिंबे त्या प्रतिमेच्या अंतर्भागाचा निर्देश करतात. ‘-एम’ गाळल्यास काढलेल्या फाइलवर मूळ तारखेऐवजी काढण्याच्या दिवसाची तारीख पडते. 1994 मधील खर्ड्यावर आजची तारीख येणे हा पाठचिकित्सेच्या दृष्टीने गंभीर अपघात होय.

तारखांवरही आंधळा विश्वास ठेवू नये. संगणकाच्या घड्याळाचा विद्युतघट संपलेला असेल तर फाइलवर 1 जानेवारी 1980 अशी तारीख आढळते, कारण डॉसची कालगणना तेथून सुरू होते. अशा नोंदीवरून एवढेच सिद्ध होते की यंत्राला काळ ठाऊक नव्हता.

4. निवडीत काय सुटते?

वरील आज्ञेत ‘*.डॉक’ असा निकष होता. हा निकष निरुपद्रवी दिसतो, परंतु त्यातच मोठी हानी संभवते. वर्डस्टारसारखा संपादक फाइल जतन करताना तिची आधीची आवृत्ती ‘.बॅक’ अशा शेवटाने ठेवत असे. सी-डॅकच्या जिस्ट कार्डामुळे डॉसमधील अशा कार्यक्रमांत देवनागरीत लिहिणे शक्य झाले होते. त्यामुळे मराठी लेखकाच्या तबकडीवर ‘.बॅक’ फाइल असणे असंभाव्य नाही. अशी फाइल म्हणजे शेवटच्या फेरफाराच्या आधीचा खर्डा. केवळ नावाच्या शेवटावरून निवड करणारा अभ्यासक नेमका तोच बाहेर ठेवतो. यादी आधी वाचावयाची ती याचसाठी.

पुसलेल्या फाइली वरील दोन्ही साधनांच्या यादीत येत नाहीत. त्यांच्यासाठी ‘स्ल्यूथ किट’ या संचातील ‘एफएलएस’ ही आज्ञा वापरतात. ती पुसलेल्या नोंदींपुढे तारकाचिन्ह देते. तेथे मिळालेल्या क्रमांकावरून ‘आयकॅट’ ही आज्ञा त्या एकाच फाइलचा मजकूर काढते. मात्र पुसलेल्या फाइलचे तुकडे तबकडीवर सलग असतील आणि त्यांवर नवे लेखन झाले नसेल, तरच हा मजकूर विश्वसनीय ठरतो.

फाइलच्या आतही थर असतात. ‘रेंट’ या संगीतिकेचे कर्ते जोनाथन लार्सन यांचे जानेवारी 1996 मध्ये निधन झाले. त्यांच्या फ्लॉपी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. संशोधक डग रिसाइड यांनी 2011 मध्ये दाखवून दिले की वर्डच्या ‘जलद जतन’ या सोयीमुळे त्या फाइलींमध्ये गीतांच्या आधीच्या ओळी शिल्लक राहिल्या आहेत. वर्डमध्ये फाइल उघडल्यास त्या दिसत नाहीत. साध्या मजकूर-संपादकात मात्र दिसतात.

5. लिपीचा प्रश्न

फाइल सुखरूप निघाली तरी मराठी अभ्यासकाचे काम संपत नाही. पडद्यावर बहुधा रोमन अक्षरे व विचित्र चिन्हे यांची सरमिसळ दिसते. फाइल बिघडली असा निष्कर्ष येथे घाईने काढू नये. त्या काळात मजकूर इस्की या 1988 व 1991 च्या प्रमाण संकेतात असे, किंवा श्री-लिपी, आकृती यांसारख्या अक्षरसंचांच्या स्वतंत्र संकेतांत असे. इस्कीत व युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम पाळला जातो : ‘कि’ लिहिताना आधी क, मग वेलांटी. अक्षरसंचांच्या संकेतांत मात्र डोळ्यांना दिसणारा क्रम असे, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी आधी आणि क नंतर. ‘अर्थ’ या शब्दातील रफार थ-नंतर. म्हणून युनिकोडमधील शब्द घेऊन अशा फाइलीत शोध केला तर काहीही हाती लागत नाही. रूपांतर नेहमी वेगळ्या प्रतीवर करावे, मूळ काढलेली फाइल उघडून पुन्हा ‘जतन’ करू नये, आणि रूपांतराने निर्माण झालेला दोष हा लेखकाचा पाठभेद समजला जाऊ नये याची दक्षता घ्यावी.

6. मर्यादा आणि जबाबदारी

मुंबईत जन्मलेले कादंबरीकार सलमान रश्दी यांचा संग्रह अटलांटा येथील एमोरी विद्यापीठाने 2006 मध्ये मिळवला व 2010 मध्ये अभ्यासकांना खुला केला. त्यात त्यांचे संगणकही होते. या संग्रहातील सर्व सामग्री खुली झाली नाही. खाजगी स्वरूपाच्या काही भागावर निर्बंध राहिले. कागदी संग्रहात पत्रांचे गठ्ठे बाजूला काढता येतात. तबकडीवर मात्र कथा, पत्र आणि औषधांचा हिशेब एकमेकांना लगटून असतात आणि पुसलेले पत्रही वाचता येते. लेखकाने जे जाणीवपूर्वक पुसले ते वाचण्याचा अधिकार संमतीपत्रात अंतर्भूत आहे काय, हा प्रश्न आज्ञा टंकण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे.

या दृष्टीने पाहता प्रतिमा पूर्ण ठेवणे आणि फाइली निवडक काढणे यांत विरोध नाही. प्रतिमा बंद राहते आणि साधनाची अखंडता सांभाळते. निवड खुली होते आणि व्यक्तीची मर्यादा सांभाळते. अट एवढीच की निवडीचा निकष, दिलेली आज्ञा, प्रतिमेची मुद्रा आणि वगळलेल्या कप्प्यांची नावे यांची नोंद निवडलेल्या संहितेबरोबर असावी; जेथे नावच खाजगी बाब उघड करील, तेथे वगळलेल्या फाइलींची संख्या तरी द्यावी. चिकित्सक आवृत्तीचा संपादक न स्वीकारलेले पाठ तळटीपेत देतो, कारण त्याचा निर्णय तपासण्याचा हक्क वाचकाला असतो. तबकडीतून चार फाइली उचलणाऱ्या अभ्यासकावरही तेच बंधन आहे.