कमान झोपत नाही

सकाळची डोंबिवली फास्ट. दोन्ही पाय जमिनीला टेकलेत की नाही याची खात्री नाही, वरची कडी हाताला लागत नाही, आणि तरी तुम्ही पडत नाही. का बरं? पडायला जागाच नाही! उजवीकडचा माणूस तुम्हाला डावीकडे रेटतोय, डावीकडचा उजवीकडे. त्या रेटारेटीनेच तुम्ही उभे आहात. मग ठाणं येतं, दाराजवळचे चारपाच जण उतरतात, आणि इतका वेळ खांबासारखे उभे असलेले तुम्ही एकदम झोकांडी खाता.

झालं. रोमन स्थापत्याचा गाभा तुम्हाला कळला.

आता एक खडू घ्या. दोन बोटांत उभा धरून दाबा. जोर लावून दमाल, पण तो सहजी तुटणार नाही. तोच खडू आडवा धरून जरा वाकवा. कट्! दगडाचा स्वभाव अगदी असाच. दाब कितीही सोसेल, ताण मात्र मुळीच नाही. दोन खांबांवर आडवी ठेवलेली दगडी तुळई स्वतःच्याच वजनाने किंचित वाकू पाहते, तिची खालची बाजू ताणली जाते आणि तिथून तडा जातो. म्हणून दगडी तुळयांच्या इमारतीत खांब जवळजवळ लागतात. आत गेलं की दालन कमी आणि खांबांचं रान जास्त.

मग मोठी पोकळी झाकायची कशी? दगडाला ताण सोसायला लावायचाच नाही. पाचरीच्या आकाराचे दगड अर्धवर्तुळात रचायचे. प्रत्येक दगड खाली पडू पाहतो, पण तो वर रुंद आणि खाली निमुळता, त्यामुळे शेजाऱ्यांच्या मध्ये अडकतो. पडण्याची धडपडच त्याला घट्ट बसवते! सगळे दगड फक्त दाबले जातात, डोंबिवली फास्टमधल्या प्रवाशांसारखे. माथ्याचा मधला दगड फार महत्त्वाचा असतो असं आपण ऐकतो. खरं तर त्याचं वैशिष्ट्य इतकंच की तो शेवटी बसतो. इतर कोणताही दगड काढून बघा, कमान तितकीच कोसळेल.

गंमत म्हणजे शेवटचा दगड बसेपर्यंत कमान मुळी कमान नसतेच. तोवर सगळा भार खालच्या लाकडी साच्यावर. मग साचा उतरवायचा. तो क्षण डोळ्यांपुढे आणा. दगड कणभर खाली बसतात, एकमेकांना भिडतात, आणि हवेत उभे राहतात. खाली उभा असलेला गवंडी त्या वेळी काय पुटपुटत असेल?

कमान रोमनांनी शोधली नाही. मेसोपोटेमियात विटांच्या कमानी त्यांच्या कितीतरी आधी होत्या. रोमनांना तिचं वेड लागलं, एवढंच. फ्रान्सच्या दक्षिणेला त्यांनी नीम शहरासाठी ५० किलोमीटर लांबून पाणी आणलं, आणि वाटेत नदी आडवी आली म्हणून कमानींवर कमानी असे तीन मजले चढवले. उंची सुमारे ४९ मीटर, म्हणजे सोळा मजली टॉवर. काही दगड सहा सहा टनांचे, आणि खालच्या दोन मजल्यांत सांध्यांना चुना लावलेलाच नाही. पाणी चढवायला पंप नव्हते. सगळा कारभार उताराचा, आणि तो उतार अख्ख्या ५० किलोमीटरांत फार तर चार-पाच मजल्यांइतका! हे मोजलं कसं, या प्रश्नाशी मी दर वेळी अडखळतो.

ओळीतल्या कमानींची आणखी एक मजा आहे. प्रत्येक कमान पाय फाकवून बाहेर सरकू पाहते. पण तिची शेजारीणही तेच करत असते, म्हणून दोघींचा रेटा एकमेकींत जिरतो. फक्त टोकाला कुणीतरी भक्कम लागतं. दाराचा दांडा घट्ट धरून उभ्या असलेल्या शेवटच्या माणसासारखं.

ही विद्या आपल्या लाइनवरही वापरली गेली. १६ एप्रिल १८५३ला पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली. कल्याणला जायचं तर खाडी आडवी. या रेल्वेचा मुख्य अभियंता होता जेम्स जॉन बर्कले. लोखंड जहाजाने विलायतेहून यायचं, दगड मात्र इथे पायाखालीच. खाडीवर दगडी कमानींचे पूल उभे राहिले आणि १ मे १८५४ला गाडी कल्याणपर्यंत धावली. वाफेचं इंजिन नवंकोरं, आणि ते पेलणारी युक्ती सीझरच्या काळातली. दगडी कमानीचं स्वतःचं वजनच एवढं असतं की वरून गेलेली गाडी तिला पाहुण्यासारखी वाटते.

कमान इकडे रेल्वेनेच आली असं मात्र नाही. विजापूरकरांनी ती वापरली होती, वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीजांनी उभारली होती. पण मला वेगळाच प्रश्न छळतो. ती रोमनांच्याच काळात का आली नाही?

कारण रोमन जगाला कल्याण ठाऊक होतं! पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषी दर्यावर्द्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रवाटांच्या पुस्तकात ‘कल्लिएना’ बंदर आहे. तो तक्रारही करतो. हे बंदर पूर्वी रीतसर व्यापाराचं होतं, पण आता राज्य बदललं, आणि चुकून इथे शिरलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेतात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत तर समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती सापडली. देव आला, पण कमान आली नाही.

मला वाटतं, तिची गरजच नव्हती. आपल्याकडे सह्याद्री होता. रोमन माणूस दगडावर दगड रचून पोकळी झाकत होता, त्याच सुमारास इथला पाथरवट अख्ख्या डोंगरातून पोकळीच कोरून काढत होता. ठाण्याच्या पाठीमागचा डोंगर ओलांडला की कान्हेरीची लेणी. तिथल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावं आहेत. कार्ल्याच्या चैत्यात उभं राहून वर बघा. छत थेट कमानीसारखं गोल आणि त्याला सागवानी फासळ्या. त्या फासळ्या काहीही पेलत नाहीत! वरचा डोंगर एकसंध, तो कुठे पडणार? लाकडी इमारतीची आठवण म्हणून त्या लावल्या, आणि त्यांतल्या काही दोन हजार वर्षं तिथेच आहेत. आकार कमानीचा, काम मात्र शून्य.

डोंगर सोडून मोकळ्यावर देऊळ बांधायची वेळ आली तेव्हाही इथल्या कारागिरांनी वेगळी वाट धरली. कल्याणच्या पुढे अंबरनाथला उतरा आणि वालधुनीच्या काठच्या शिवमंदिरात जा. शिलाहारांचं मंदिर, लेखातला शक ९८२, म्हणजे इ.स. १०६०. काळा पाषाण, सांध्यांत चुना नाही. मंडपातलं घुमटाकार छत बघून वाटतं, ही आली कमान! पण नीट बघा. प्रत्येक थर खालच्या थराच्या जरासा पुढे सरकवलेला आहे. वळी लहान लहान होत जातात आणि वर मिटतात. टेबलाच्या कडेला पुस्तकांची चळत लावून प्रत्येक पुस्तक थोडं पुढे सरकवा, तेच हे. कुणी कुणाला आडवं रेटत नाही. सगळा भार सरळ खाली.

एकोणिसाव्या शतकात भारतीय वास्तूंवर ग्रंथ लिहिणाऱ्या जेम्स फर्ग्युसनने इथली एक जुनी समजूत नोंदवली आहे: कमान कधी झोपत नाही. केवढं अचूक! कमानीतला दगड शतकानुशतकं शेजाऱ्याला ढकलत जागा असतो. अंबरनाथचा दगड दगडावर डोकं टेकून निवांत निजलेला आहे.

आणि आपल्या बिल्डिंगा? त्या चक्क अंबरनाथच्या बाजूच्या: उभे खांब, आडव्या तुळया. काँक्रीटचा स्वभाव खडूचाच, म्हणून ताण सोसायला आपण पोटात लोखंडी सळ्या घालतो. मग डोंबिवलीचा पाऊस झिरपतो, सळी गंजते, गंजून फुगते, आणि गॅलरीचा तुकडा खाली येतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

रोमनांनी काँक्रीट केलं, पण त्यात लोखंड घातलं नाही. म्हणूनच त्यांना कमान आणि घुमट सोडून इलाज नव्हता, आणि म्हणूनच त्यांचं काम टिकलं. गंजायला आत काहीच नाही! चुन्यात ते नेपल्सच्या आखाताजवळची ज्वालामुखीची राख मिसळायचे, आणि हे मिश्रण पाण्याखालीही घट्ट व्हायचं. राख नसेल तिथे भाजक्या मातीची भांडी कुटून घालायचे. आपली सुरखी वेगळं काय करते? पायाखालचा दगड ज्वालामुखीचाच, पण आपल्याकडे लाव्हा वाहत आला, तशी राख मिळेना. म्हणून आपल्या गवंड्यांनी विटा कुटल्या.

रोमन काँक्रीटमध्ये जागोजाग चुन्याच्या पांढऱ्या गुठळ्या दिसतात. बरीच वर्षं अभ्यासक म्हणायचे, नीट घोटलेलं नाही, पिठल्यात गुठळ्या राहाव्यात तसं. २०२३मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतल्या संशोधकांनी दाखवलं की गुठळ्या हेच औषध आहे. तडा गेला की तो गुठळीपर्यंत पोचतो, पावसाचं पाणी तिथला चुना विरघळवतं, आणि तोच चुना तड्यात परत स्फटिक होऊन बसतो. भिंत आपली जखम आपणच भरते!

या काँक्रीटचा कळस म्हणजे रोममधलं पॅन्थिऑन, सम्राट हेड्रियनच्या काळातलं. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर, जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. आत एक अजस्र चेंडू नेमका मावेल. सळी एकही नाही, आणि बिनसळीच्या काँक्रीटचा इतका मोठा घुमट जगात दुसरा नाही. युक्ती वजनाची. तळाशी जड दगडांची खडी, आणि वर जाताना ती हलकी होत माथ्याशी पाण्यावर तरंगणारा प्युमिस. जाडीही सहा मीटरांवरून सव्वा मीटरच्या आसपास. आणि ऐन माथ्यावर, जिथे वजन सगळ्यांत नकोसं, तिथे काहीच नाही. आठ-नऊ मीटरांचं उघडं भोक! त्याच्या कडेची वळी म्हणजे आडवी झोपवलेली कमान. तिला माथ्याचा दगड लागतच नाही.

भोकातून पाऊस थेट आत येतो. फरशीला अगदी हलका फुगवटा दिलाय आणि पाणी जायला २२ बारीक छिद्रं ठेवली आहेत.

अंबरनाथच्या गाभाऱ्यात उतरायला वीसेक पायऱ्या आहेत. खाली पोचलात की मान वर करा. शिखराचा माथा आज नाही, वर आभाळ दिसतं. आषाढात गेलात तर शंकराच्या पिंडीवर पावसाची धार सुरू असेल.