पाण्यातला किल्ला

शिवनेरी, रायगड, प्रतापगड ही नावे तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचली असतील. हे सारे किल्ले डोंगरावर आहेत. पण किल्ला भर समुद्रातही बांधता येतो. असा किल्ला पाहायचा असेल, तर मालवणला चला.

मालवण हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील जुने बंदर आहे. उर्दूत 'बंदर' म्हणजे माकड. मराठीत 'बंदर' म्हणजे जहाजे थांबण्याची जागा. तुम्ही तिला 'बंदरगाह' म्हणता. तेव्हा 'मालवण बंदर' असे वाचून हसू नका!

किनाऱ्यावर उभे राहिलात, की समोर पाण्यात काळ्या दगडांची लांबच लांब भिंत दिसते. तोच सिंधुदुर्ग. सतराव्या शतकात या समुद्रावर पोर्तुगीज, डच, इंग्रज आणि जंजिऱ्याचे सिद्दी यांची जहाजे फिरत असत. ज्याच्या हाती समुद्र, त्याच्या हाती व्यापार. म्हणून शिवाजी महाराजांनी आपले आरमार उभारले. त्या आरमाराला आसरा हवा होता. त्यासाठी त्यांनी कुरटे नावाचे खडकाळ बेट निवडले. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कामाला सुरुवात झाली. हिरोजी इंदुलकर यांच्या देखरेखीखाली सुमारे तीन वर्षे काम चालले. पायाच्या दगडांत शिसे ओतले होते, असे सांगतात.

किल्ल्यावर होडीने जावे लागते. आमची होडी सरळ गेली नाही. ती कधी डावीकडे वळे, कधी उजवीकडे. मी कारण विचारले, तेव्हा होडीवाले काका म्हणाले, "पाण्याखाली खडक आहेत. वाट माहीत नसेल, तर होडी फुटेल." हे खडकच किल्ल्याचे पहिले पहारेकरी! शत्रूच्या मोठ्या जहाजांना येथे जवळ येणे कठीण होते.

होडी तटाजवळ आली, तरी दरवाजा दिसेना. दोन बुरुजांच्या आड, वळणावर तो असा लपवला आहे, की अगदी समोर गेल्याशिवाय सापडत नाही. आत गेलो आणि मी थक्क झालो. केवढी ही जागा! सुमारे ४८ एकर. भोवतीचा तट जवळजवळ तीन किलोमीटर लांब आणि सुमारे ३० फूट उंच आहे. तटावर चढून बसलो, तर खाली लाटा आपटत होत्या आणि वारा टोपी उडवू पाहत होता.

पण मला सर्वांत जास्त काय आवडले, सांगू? तिथल्या विहिरी. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशी त्यांची नावे आहेत. 'बाव' म्हणजे विहीर. चारी बाजूंना खारा समुद्र, आणि या विहिरींचे पाणी गोड! ही काही जादू नाही. पावसाचे पाणी जमिनीत मुरते. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते. म्हणून बेटाच्या पोटात ते खाऱ्या पाण्यावर साठून राहते. मात्र फार उपसा केला, तर खालचे खारे पाणी वर येऊ शकते. विचार करा, शत्रूने वेढा घातला आणि प्यायला पाणीच नसेल, तर एवढी मोठी भिंत काय कामाची?

किल्ल्यात महाराजांचे मंदिर आहे. ते राजाराम महाराजांनी बांधले. तेथील मूर्तीला दाढी नाही आणि तिचा वेश नाखव्याचा आहे. 'नाखवा' हा शब्द ओळखीचा वाटला ना? तो फारसीतला 'नाखुदा'. किल्ला, बुरूज, दरवाजा, खलाशी हे शब्दही अरबी-फारसीतूनच मराठीत आले. 'जंजिरा' म्हणजे तुमचे 'जजीरा'. 'दर्या'ची मात्र गंमत आहे. उर्दूत दर्या म्हणजे नदी, मराठीत दर्या म्हणजे समुद्र. माणसेही अशीच एकत्र आली होती. महाराजांच्या आरमारात मायनाक भंडारी होते, तसेच दौलतखानही होते.

पुढे १७६५ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेतला आणि त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले. ते नाव टिकले नाही. उलट, १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून नवा जिल्हा वेगळा झाला, तेव्हा त्याला या किल्ल्याचेच नाव मिळाले. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत सिंधुदुर्ग आहे.

किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. पूर्वी त्यांची संख्या जास्त होती. कामधंद्यासाठी पुष्कळजण बाहेर गेले. तुम्ही जाणार असाल, तर दिवाळीच्या सुट्टीत जा. पावसाळ्यात पाहुण्यांसाठी होड्या सुटत नाहीत. परतताना होडीवाले काका आपल्या मालवणी बोलीत म्हणाले, "पावसात दर्या खवळलो, की सगळा बंद!"