अर्धे नाव टंकित केल्यावर

पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमधील माहिती पाहण्याचे चित्रमय मार्ग आज विपुल असले, तरी त्यावर नित्य काम करणाऱ्या पुष्कळांची निष्ठा काळ्या पडद्यावर एसक्यूएल भाषेतील हुकूम टंकित करण्याच्या जुन्या रीतीवरच आहे. आणि ती योग्यच आहे, कारण लिहिलेला हुकूम पुन्हा वाचता येतो, जतन करता येतो, सहकाऱ्याच्या हाती जसाच्या तसा सोपविता येतो.

या रीतीतील खरा अडसर स्मरणशक्तीचा आहे. शेकडो तक्ते आणि त्यांतील असंख्य रकाने यांची नावे मुखोद्गत असणे अशक्य, आणि नावातील एक अक्षर चुकले की हुकूम नामंजूर होतो. पोस्टग्रेससोबत मिळणाऱ्या पीएसक्यूएल या मूळ साधनातही टॅबची कळ दाबून नाव पुरे करून घेण्याची सोय आहे. परंतु पायथन भाषेत लिहिलेल्या पीजीसीएलआय या मुक्त साधनाने त्या सोयीला जे रूप दिले आहे, ते मला विशेष मोलाचे वाटते.

त्याची स्थापना सुलभ आहे. मॅकवर होमब्रूकडून, डेबियन वा उबुंटूवर ॲप्टकडून, आणि अन्यत्र पायथनच्या पिपकडून ते एकाच आज्ञेने मागविता येते. पिपचा मार्ग पत्करणाऱ्याने मात्र त्यासाठी पायथनचे स्वतंत्र आवरण निर्माण करावे, म्हणजे संगणकाच्या मूळ व्यवस्थेस धक्का लागत नाही. हे केवळ संवादाचे साधन होय. डेटाबेसचा सर्व्हर आधीपासून चालू असावा लागतो, आणि त्याचा पत्ता, वापरकर्त्याचे नाव, डेटाबेसचे नाव व पोर्ट (बहुधा ५४३२) हा तपशील त्यास पुरवावा लागतो.

एकदा जोडणी झाली, की हे साधन सर्व्हरच्याच दप्तरातून तक्त्यांची व रकान्यांची नावे वाचून घेते आणि, जाणत्या कारकुनाप्रमाणे, वाक्य कोठवर आले आहे हे पाहून त्या स्थानी शोभतील तेवढीच नावे पुढे ठेवते: 'फ्रॉम'नंतर तक्ते, 'व्हेअर'नंतर त्या तक्त्याचे रकाने, आणि दोन तक्ते 'जॉइन'ने जोडताना परकीय कळीच्या, म्हणजे फॉरिन कीच्या, आधारे जोडणीची अटदेखील. एसक्यूएलमध्ये रकाने आधी आणि तक्ता नंतर येत असल्यामुळे, 'फ्रॉम'पासूनचा भाग प्रथम लिहून मग मागे सरकावे, म्हणजे रकान्यांची सूचना नेमकी मिळते. ही सवय लावून घेण्यासारखी आहे. अपरिचित डेटाबेसची रचना समजून घेण्यासही या सूचना उपयोगी पडतात, कारण जे नाव ठाऊकच नव्हते तेही त्यांत दृष्टीस पडते.

एफ२ कळीने ही चतुर निवड बंद करता येते, आणि मग सर्वच नावे सरसकट दिसतात. दुसऱ्या कोणी दरम्यान नवा तक्ता निर्माण केला असेल, तर 'रिफ्रेश'च्या आज्ञेने यादी अद्ययावत करून घ्यावी. सुचविलेले नाव अस्तित्वात आहे एवढीच हमी हे साधन देते; अभिप्रेत तक्ता तोच की नाही, हे ठरविण्याची मुखत्यारी लिहिणाऱ्याकडेच राहते, आणि म्हणूनच 'ड्रॉप' किंवा 'डिलीट'सारखा विध्वंसक हुकूम रुजू करण्यापूर्वी ते थांबून पुन्हा संमती विचारते.