पावसाळ्यातला गोल्फ: नगरच्या खेळाडूंसाठी

नगरमध्ये गोल्फ म्हटलं की आधी भिंगारची छावणी आठवते. पण आता हा खेळ फक्त फौजी मंडळींचा राहिलेला नाही. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला, म्हणजे शेजारच्याच जिल्ह्यातली वाट आहे ही!

पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत चेंडू स्वतःच्याच खळग्यात रुतून बसतो. अनेक जण तिथूनच फटका मारायला जातात. गरज नाही! जनरल एरियात, वाळू सोडून, रुतलेला चेंडू दंडाशिवाय उचलता येतो. तो पुसा, खळग्याच्या लगेच मागची जागा धरा आणि एका क्लबच्या लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून सोडा. २०१९ पूर्वी खांद्याच्या उंचीवरून सोडावा लागे. साचलेल्या पाण्यातूनही सुटका मिळते, पण पाणी डोळ्यांना दिसायला हवं. नुसता चिखल चालत नाही.

ग्रीनवर चेंडूचा खड्डा पडला तर टोकदार काट्यानं माती खालून उचकटू नका, त्यानं मुळं तुटतात. कडेची माती चहूबाजूंनी मध्याकडे ढकला आणि पटरनं हलकेच दाबा. हे काम मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण मागून येणाऱ्याचा पट त्यावर ठरतो.

चेंडू शोधायला आता पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात, तेव्हा वाढलेल्या गवतात तो कुठे पडला ते नीट बघून ठेवा.

आणि वीज कडाडली तर कमिटीच्या भोंग्याची वाट पाहू नका. धोका वाटला तर खेळ थांबवायची मुभा नियमच देतात. झाडाखाली उभं न राहता थेट पक्क्या इमारतीत जा.